निळ्या पडद्यापुढचे दाजी

हवेवर आमच्या दाजींइतका विश्वास असलेला माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा झाला नाही आणि होणारही नाही. लोक बँकेवर विश्वास ठेवतात, डॉक्टरवर ठेवतात, काही भोळी माणसं जावयावरसुद्धा ठेवतात. दाजींनी तो हवेवर ठेवला. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. उदगीरच्या बाहेर माळावर टीव्हीचा एक छोटा मनोरा होता. वरून आलेला कार्यक्रम झेलायचा आणि आसपासच्या खेड्यांकडं पुढं ढकलायचा, एवढंच त्याचं काम. त्या मनोऱ्याच्या पायथ्याशी एका खोलीत दाजींची सगळी नोकरी गेली. पुढं असले मनोरे बंद झाले, लोखंड उतरवून ट्रकमधून नेलं आणि दाजीही रिटायर झाले. त्यांच्या लेखी मात्र बंद असं काही झालंच नव्हतं. "मनोरा नेला हो त्यांनी, हवा थोडीच नेली?" असं ते मला ऐकवायचे. मी पडलो नांदेडच्या कॉलेजात मराठी शिकवणारा माणूस. मी चहा प्यायचो.

रिटायर झाल्यावर लोक तीर्थाला जातात किंवा सुनेच्या स्वयंपाकात चुका काढतात. दाजींनी लातूरहून एक जुना लॅपटॉप आणला आणि अंगठ्याएवढी एक डबी आणली. तिला ट्यूनर म्हणतात. तिचं एक तोंड लॅपटॉपमध्ये खुपसायचं, दुसऱ्या बाजूला दोन भोकं. एकात गच्चीवरच्या डिशची वायर, दुसऱ्यात जुन्या काळच्या काड्यांच्या अँटेनाची. डिशची वायर लावली की लॅपटॉपचा टीव्ही होतो आणि डझनावारी च्यानल फुकट दिसतात. घरात चांगला भिंतीएवढा टीव्ही होता, मुलानं पुण्याहून पाठवलेला. त्यावर दाजींनी कॅलेंडर टांगलं होतं. डिशच्या तोंडाला पावसाचं पाणी लागू नये म्हणून श्रीखंडाचा रिकामा डबा बसवला होता, आणि आभाळ भरून आलं की दाजी खांद्यावरचा टॉवेल घेऊन गच्चीवर जाऊन डिश पुसायचे, नाक गळणाऱ्या लेकराचं तोंड पुसावं तशी.

बरं, एवढं करून कार्यक्रम बघावा की नाही? छे. लॅपटॉपच्या कोपऱ्यात सिग्नल दाखवणारी एक हिरवी पट्टी असते, दाजी ती बघायचे. शेजारी बसून अक्का मालिका बघायची. एकदा मालिकेतली सासू मरत होती, अक्का पदर डोळ्याला लावून बसली होती, मलाही जरा भरून आलं होतं, आणि दाजी मान डोलवत म्हणाले, "माल कसा साफ येऊन राहिला बघा. बाई मरून राहिली, पण एक ठिपका हलंना." कार्यक्रमाला ते मालच म्हणत. नोकरीतला दुसरा शब्द सभा, म्हणजे प्रसारणाची एक वेळ. सकाळची सभा, संध्याकाळची सभा. आमच्या चुलत भावाच्या लग्नात पंगतीतून उठताना त्यांनी हात जोडून "चला, आजची सभा समाप्त" म्हटलं आणि मुलीकडची मंडळी आता भाषण होणार म्हणून ताटावर हात धरून बसली.

ह्या माणसाची मला थोडी भीती वाटायची, हेही सांगून टाकतो. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. दिवसा तर मुळीच ठेवत नाही. पण दाजी बोलायला लागले की माझे पाय आपोआप खुर्चीवर यायचे. एका ढगाळ दुपारी बातम्या सांगणाऱ्या बाईचं चित्र अडकलं. तोंड उघडं, एक डोळा जागेवर, दुसऱ्याचे नुसते चौकोन. मी म्हटलं, दाजी, बंद करा हो. ते म्हणाले, "थांबा पाव्हणं. बाई अर्धी आली. बाकीची वाटंत हाय." आणि बाकीची येईपर्यंत ते तिच्याकडं शांतपणे बघत बसले. जुन्या टीव्हीत, ते सांगायचे, टेकाडावर आपटून लहर उशिरा पोचली की माणसाच्या बाजूला त्याचीच फिकट सावली उभी दिसायची. त्यांच्या खात्यात तिला भूतच म्हणत. "डिजिटलला भूत न्हाई. आलं तर आख्खं येतंय, न्हाई तर काहीच न्हाई. जुनी लहर तशी न्हवती. ती भटकायची. आपटून आपटून यायची, पण यायची."

ती जुनी लहर त्यांना कशासाठी हवी होती, ते सांगायचं तर अक्काकडं यावं लागतं. त्यांच्या उदगीरच्या वस्तीत जयंतीला विहारात बायका पाळणा म्हणतात. अक्काचा आवाज त्यात सगळ्यांच्या वर असायचा. एका वर्षी टीव्हीची माणसं आली, बायकांना ओळीनं बसवलं आणि पाळणा टिपून घेऊन गेली. ज्या संध्याकाळी तो लागणार होता, त्या दिवशी सगळी वस्ती एका टीव्हीपुढं जमली आणि दाजी मनोऱ्यावर ड्यूटीला होते. पाळणा सुरू झाला आणि माळावरची वीज गेली. दाजी मागच्या शेडकडं धावले, जनरेटरचा दांडा मारत राहिले, हाताची सालटं निघाली, शेवटी तो धडधडला. मनोरा चालू झाला, वस्तीनं उरलेला पाळणा ऐकला, आणि दाजी खोलीत परत आले तेव्हा पडद्यावर नावं चालली होती. अक्कानं ते आयुष्यभर पुरवलं. "अख्ख्या उदगीरनं मला ऐकलं, ह्यांनीच न्हाई." दाजी म्हणायचे, "घरी रोज फुकट ऐकतो की." आणि ते खरंच होतं, भाकरी थापतानाही ती गुणगुणायची.

मग अक्काला घशाचं दुखणं झालं. लातूरला ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. गळ्याशी डॉक्टरांनी श्वासासाठी भोक ठेवलं होतं, त्यावर ती पदर घेऊन असायची. बोलणं म्हणजे समोरच्या ताटाच्या काठावर बोटातली अंगठी आपटायची. एक टिचकी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. बाकी सगळं डोळ्यांनी. जिच्या बोलण्यापुढं आम्ही भावंडं चळचळा कापायचो, ती माझी अक्का दोन शब्दांवर येऊन बसली. मला ते बघवायचं नाही.

तेव्हापासून दाजींचा नवा उद्योग सुरू झाला. दिवसभर डिश, आणि तिन्हीसांज झाली की डिशची वायर काढून काड्यांच्या अँटेनाची लावायची. अँटेनाचं तोंड माळाकडं, जिथं आता मनोऱ्याचे नुसते सिमेंटचे पाय उरले होते. पडदा निळा व्हायचा. त्यावर काही नाही, नुसता निळा. दाजी कानाला हेडफोन लावायचे, रेकॉर्डिंगचं बटण दाबायचे आणि बसून राहायचे. घरातला दिवासुद्धा लावू द्यायचे नाहीत. मी एकदा विचारलं, काय करून राहिलाव? म्हणाले, "सोडलेली लहर मरत न्हाई पाव्हणं. लांब जाती. कुठं तरी आपटंल आन् माघारी येईल. तवा आपण हजर पाहिजे. मागल्या बारीला न्हवतो."

हे ऐकून शहाणा माणूस काय करेल? मी अक्काकडं बघितलं. ती दाराजवळ मांडी घालून ताटात तुरीची डाळ निवडत होती, निळ्या उजेडात, आणि मान खाली घालून होती.

वस्तीत अर्थातच बोभाटा झाला. शेजारची बाई मला स्टँडवर भेटली तेव्हा पिशवी सावरत म्हणाली, "तुमच्या अक्काच्या घरात तिन्हीसांजंला कोण ठोकतंय म्हाईत न्हाई. आमी लेकरं आत घेतो." मी हसून म्हटलं, कोण ठोकणार? आणि अंगावर काटा आला तो अक्काच्या घरी पोचेपर्यंत उतरला नाही.

त्याच संध्याकाळची गोष्ट. दाजी निळ्या पडद्यापुढं, अक्का दाराजवळ, मी दोघांच्या मध्ये चहाचा कप धरून. एकाएकी दाजींनी बोट वर केलं. "आली." आणि हेडफोन काढून माझ्या कानावर बसवले. आधी नुसती खरखर ऐकू आली. मग त्या खरखरीत कोणीतरी श्वास घेतला. अगदी कानाशी, बारीक शिट्टी वाजल्यासारखा. सोडला. परत घेतला. पडद्यावर काही नव्हतं. "गाण्याच्या आधी घेती तसा श्वास हाय का न्हाई?" दाजी माझ्या तोंडाकडं बघत होते. मग टिचक्या ऐकू आल्या, टक, टक, टक, थोडं थांबून परत टक, टक, टक. पाळण्याची दोरी ओढावी त्या चालीवर. माझ्या हातातला कप बशीवर वाजायला लागला, आणि क्षणभरानं तो कप हेडफोनमध्येही वाजला.

मी मुद्दाम खाकरलो. हेडफोनमधला मी किंचित उशिरा खाकरला. तेव्हा डोक्यात उजेड पडला. त्या लॅपटॉपमध्ये आवाज कुठून घ्यायचा ते निवडावं लागतं, अँटेनातून की लॅपटॉपच्या स्वतःच्या माइकमधून. इथं माइक निवडलेला होता. मनोरा नाही, लहर नाही, माळावरून कोणी येत नव्हतं. ह्याच खोलीतला आवाज आत जाऊन जरा उशिरा बाहेर येत होता. श्वास अक्काच्या गळ्याचा होता आणि टिचक्या तिच्या अंगठीच्या होत्या.

मी हेडफोन काढले. दाजी, अहो, हे तर, एवढं म्हणतोय तोवर दाराजवळून ताटावर आवाज आला. टक. टक. दोन.

अक्का माझ्याकडं बघत होती. लहानपणी बाबांपुढं माझी चहाडी खाण्याआधी बघायची तशीच, पण डोळे भरलेले. तिला सगळं माहीत होतं. म्हणून तर ती रोज डाळ घेऊन लॅपटॉपला ऐकू जाईल अशी बसत होती, निवडलेली डाळ परत परत निवडत होती. ह्यांनी एकदाच ऐकलं नाही, तर आता रोज ऐकवत होती. मी म्हटलं, "हे तर लई साफ येऊन राहिलंय, दाजी." दाजींनी खुशीत हेडफोन परत घेतले. मी बाहेर जाऊन ओट्यावर बसलो आणि रडलो.

दुखणं पुढच्या हिवाळ्यात उलटलं आणि अक्का गेली. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, माणसं आली, जेवली, गेली. दाजींनी सगळ्यांना हात जोडले, पण सभा समाप्त काही म्हणाले नाहीत. नंतर काही दिवसांनी त्यांचा फोन आला. "पाव्हणं, हवा साफ हाय. अँटेना जाग्यावर हाय. पण काहीच येऊन न्हाई राहिलं." मी म्हटलं, दाजी, रोजचं रेकॉर्डिंग आहे ना, ते लावा. ते म्हणाले, "हाय की. पण रेकॉर्डिंग ते रेकॉर्डिंग. लाइव्ह ते लाइव्ह."

मी सकाळची एसटी धरून उदगीरला गेलो. संध्याकाळी वायर बदलली, पडदा निळा झाला, दाजी माझ्याकडं पाठ करून बसले. अक्काच्या जागी ताट तसंच होतं, डाळीसकट. मी तिथं जाऊन बसलो. माझ्या बोटात अंगठी नाही. खिशातून घराची किल्ली काढली आणि ताटाच्या काठावर हळूच वाजवली. टक, टक, टक. परत टक, टक, टक. स्वतःची लाज वाटत होती, पण थांबवतही नव्हतं.

दाजी पाठमोरेच म्हणाले, "पाव्हणं, तिसरी टिचकी लांबवायची असती. तिला जमायचं."

किल्ली माझ्या हातात तशीच राहिली. म्हणजे दाजींना ठाऊक होतं.

"माइक मीच चालू केला की," ते म्हणाले. "आयुष्य गेलं ह्या कामात, मला कळंना होय? ती बोलंना झाली. म्हणलं, तिला कुठून तरी हवेत आणावं. आन् तिला वाटायचं, मला ठाऊक न्हाई. तिला तेवढीच एक गंमत उरली होती. ती कशाला मोडायची?"

दाजींनी हेडफोन नीट केले. "वाजवा. थांबू नका."

मी वाजवत राहिलो. बाहेर शेजारच्या बाईनं लेकरांना आत हाक मारलेली ऐकू आली. मग दाजींनी बोट वर केलं, तसंच, पूर्वीसारखं. "श्श," ते म्हणाले, "श्वास घेतला बघा."

मी तर तेव्हा श्वास रोखून बसलो होतो. दाजींचाच असेल. तिसरी टिचकी मात्र ह्या खेपेला जमेल तितकी लांबवली.