निवृत्ती गुरुजींचा भाकरीचा तास

निवृत्ती गुरुजीची बदली कराले सगळ्यात पुढं कोण होतं म्हणता? आमच्या घरचे! नवऱ्याचं नाव मी घेत नाई, पण उभ्या गावाले ठाऊक हाये.

महाराष्ट्र नुकता झाला होता तवाची गोष्ट. गुरुजी नांदुऱ्याकडून धाडजवळच्या आमच्या गावात आले. एकटा जीव, हातानं रांधून खात. त्यायच्या ध्यानात आलं, का काही पोट्टे मधूनच उपाशी शाळेत येतात. विचारलं तर माना खाली. माय बाहेर बसली, तिनं चुलीले शिवायचं नाई, अन् बापाले भाकर थापता येत नाई. शेजारणीनं देल्लं तर खायाचं.

गुरुजीनं शाळेमागं चूल मांडली. दर शनवारी वाचन-गणित झालं, का पोट्ट्यायचा भाकरीचा तास. पीठ ज्यानं त्यानं घरून आणायचं. म्हणत, "पाढे येतात, पण सोताचं पोट भरता येत नाई, हे कायचं शिक्षण?"

गाव पेटलं. बापमाणसं म्हणत, पोट्टे शिकाले धाडले का भाकरी बडवाले? आमच्या घरच्यायनं तर हद्दच केली. सोमवारी मारोतीच्या पारावर बैठक ठरवली, तिथं सगळ्यायनं मिळून गुरुजीची बदली मागायची. मले लय राग आला. लग्न झाल्यापासून दर महिन्याले मी मागच्या ओसरीत बसून शेजारच्या अन्नपूर्णाबाईची थंडी भाकर गिळत होती. हा एक माणूस आमच्या पोटाचं बोलून राह्यला, अन् त्यालेच हाकलतात! पण माझं कोण ऐकते?

बैठकीच्या आदल्या दिवशीच मी बाहेर बसली. अन् अन्नपूर्णाबाई गेलेली मेहकरले, लग्नाले. घरचे वावरातून आले, टोपलं उघडलं तर रिकामं. आधी टोपल्यावर चिडले, मंग माझ्यावर. आमचा पोरगा इंद्रभान गुरुजीच्याच शाळेतला. त्यानं चूल पेटवली.

थापण्याचा आवाज आला, अन् मी ओसरीतून मान उंच करून पाह्यलं. पहिली भाकर त्यानं बापाले नाई वाढली. ताटलीत घालून दुरूनच माझ्यापुढं सरकवली.

"माय, कड फाटली. पण कच्ची नाई."

वाफ निघत होती वं तिच्यातून! बाहेर बसल्यावर गरम भाकर मी जिंदगीत पहिल्यांदा पाह्यली. रडली, खाल्ली, अजून एक मागितली. आत घरचे ठेच्यासंगं पोराचीच भाकर जेवत होते.

सोमवारी पारावर काय झालं ते इंद्रभाननं पळत येऊन सांगलं. गुरुजी बिचारे सामान बांधून आले होते. सगळे आमच्या घरच्यायकडं पाहून राह्यले. हे उठले, रुमाल झटकला अन् म्हणाले, "गुरुजी, नुसत्या भाकरीनं घास उतरत नाई. पोट्ट्यायले वरणबी शिकवा."

सारा पार हसला म्हणे. बदलीचं नाव मंग कोणी काढलं नाई, अन् त्याच शनवारी शाळेमागं वरण शिजलं. मी तर जिंकलीच होती.

पुढच्या महिन्यात बाहेर बसली, तवा भर दुपारी ताटली सरकली. भाकर एकीकडून जाडी, दुसरीकडून करपलेली. म्हणलं, इंद्रभान हात विसरला काय? पण इंद्रभान तर शाळेत होता. वर पाह्यलं, तर समोर घरचे उभे. मिशीले पीठ.

मी हसू दाबत म्हणलं, "गुरुजीले सांगून या, वर्गात अजून एक पोट्टा वाढला."