रिकाम्या नळीतली रेघ

आमच्या धाकटीला घरात सगळे घुमी म्हणतात. दहा प्रश्नांना एक उत्तर, तेही अर्धं. परगावी एका प्रयोगशाळेच्या तळघरात ती एकटी काम करते. साधे क्षार काचेच्या बारीक नळीत भरून त्यांच्यावर किरणांचा मारा करायचा. त्याने आतली इलेक्ट्रॉनांची जोडी तुटते आणि एकेक इलेक्ट्रॉन सुटा उरतो. अशा तुकड्यांना मूलक म्हणतात. नळी मोठ्या चुंबकात ठेवली की ते पडद्यावर नागमोडी रेघ काढतात. एकटे पडलेले शोधायला तुलाच बरी नेमली, असं मी तिला एकदा म्हटलं होतं. ती हसली नाही.

यात एक मेख आहे. किरण नळीच्या काचेलाही बाधतात आणि तीही रेघ काढते. म्हणून क्षार झटकून एका टोकाला न्यायचा, दुसरं टोक ज्योतीवर लाल होईतो तापवायचं, म्हणजे तिथल्या काचेची बाधा जाते, आणि निवलं की क्षार तिकडे सरकवायचा. मोजायचं ते मग.

यंदा तिला एक नवी रेघ सापडली. साहेब खूश झाले. तिची नोकरी आणखी दोन वर्षं राहणं त्या रेघेवरच ठरणार होतं. धुवायच्या आधी सहज तिने ती रिकामी नळी चुंबकात ठेवली. तीच रेघ पुन्हा उमटली.

तिने वही काढली. त्या दिवशी टोक तापवल्याची नोंदच नव्हती. तिने सांगितलेली तारीख माझ्या ओळखीची होती. त्या दुपारी ती फोन उचलेना म्हणून मी लागोपाठ चार वेळा केला होता. शेवटी ज्योत विझवून तिने उचलला. काम काहीच नव्हतं.

कोण तपासायला बसलंय, असं तिचे बाबा म्हणाले. ती एवढंच बोलली, "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का, बाबा?"

तिने साहेबांना सांगितलं. कारण विचारलं तेव्हा 'माझं लक्ष नव्हतं' असं लिहून खाली सही केली. मग नवा क्षार, नवी नळी, सगळं पहिल्यापासून. मी आठ दिवस फोनला हात लावला नाही.

आज तिचाच आला.

"आई, रेघ सपाट आली."

"मग आता?"

"महिनाअखेरीला तळघराची किल्ली परत द्यायची." मागचा यंत्राचा घुं आवाज तिने बंद केला. "उद्यापासून कधीही कर फोन. हातात काही नसेल."