अकरा खुर्च्या आणि बसायला जागा नाही

आमच्या घरात अकरा खुर्च्या आहेत आणि एकीवरही धड बसता येत नाही. एकीचा पाय सरस लावून आवळून ठेवलेला, दुसरीची बैठक उसवलेली, तिसरीला नुकतंच पॉलिश झालेलं. पाहुणा आला की मी त्याला पलंगावर बसवते, तेवढ्यात हे आतून ओरडतात, "हात लावू देऊ नकोस, ओलं आहे!"

हे म्हणजे आमचे यजमान. पाणीपुरवठा खात्यात छत्तीस वर्षं कारकुनी केली, तोवर बरे होते. निवृत्त झाले आणि कुणाच्या तरी जिन्याखालचं मोडकं स्टूल उचलून आणलं. तेव्हापासून माझ्या डोक्याला ताप आहे. गॅलरीत कपडे वाळत नाहीत, लाकडं वाळतात. पिठाच्या डब्यावर भुसा. माझ्या चांगल्या चादरी फाडून पॉलिशचे बोळे केलेत. गल्लीत यांना आता पॉलिशवाले काका म्हणतात आणि यांना त्याचं कोण कौतुक!

त्यात यांचा एक हट्ट. जुन्या लाकडाला नवा खिळा नाही की स्क्रू नाही. लेकीने एकदा डुगडुगणाऱ्या टीपॉयला गुपचूप दोन खिळे ठोकले, तर चार दिवस तिच्याशी नीट बोलले नाहीत.

मग माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी बजावलं, "घरी उंच खुर्ची हवी. बैठक जमिनीपासून अठरा इंच, हात भक्कम. पडलात तर सगळं मुसळ केरात." माझी मावशी अशीच ऑपरेशननंतर घरात पडली होती, ती पुन्हा चाललीच नाही.

"अहो, एक खुर्ची विकत आणा," मी म्हटलं.

"घरात अकरा असताना?" हे दुखावले. "दोन महिने आहेत. तुला शिसवी देतो."

शिसवी खुर्ची म्हणजे यांचा जीव की प्राण. दीड महिना तिच्यावरचे जुन्या रंगाचे थर खरवडण्यात गेला. मग यांना टेप लावून बघायचं सुचलं. सोळा इंच! आधीच मोजायला काय झालं होतं?

"पायांखाली ठोकळे लावा," मी म्हटलं.

"शिसवीला? स्क्रू मारून?" जणू मी यांच्याच डोक्यात भोक पाडायला सांगत होते. मग जुन्या शिसवाचे तुकडे शोधत गावभर हिंडले. एक मिळाला असेल तर शपथ. मी दवाखान्यात निघाले तेव्हा खुर्ची चारी पाय वर करून गॅलरीत पडली होती.

"आल्यावर मी उभीच राहू का?" मी विचारलं. हे माझी पिशवी उचलून रिक्षा बघायला निघाले.

दवाखान्यात रोज संध्याकाळी यायचे, हाताला पॉलिशच्या स्पिरिटचा वास. खुर्चीचं नाव नाही. मीही विचारलं नाही, पण रात्रभर डोळ्यासमोर मावशीच.

सहाव्या दिवशी लेकीने धरून घरात आणलं. समोर भिंतीला टेकून शिसवी उभी. चारी पायांखाली नव्याकोऱ्या पांढुरक्या लाकडाचे ठोकळे, आणि प्रत्येकाला चकाकणाऱ्या पट्ट्या ठोकून चार-चार स्क्रू. सोळा! मी मोजले. हे खिडकीबाहेर बघत होते.

मी वळून बसायला म्हणून खुर्चीच्या हातांवर तळवे टेकले, तर चिकट! नुसतं लाकूड मला दाखवायचं जिवावर आलं असणार, म्हणून सकाळी वॉर्निश मारून ठेवलेलं. या माणसाला म्हणावं तरी काय?

"अहो, ओलं आहे!" म्हणून मी हात उचलले आणि तोल गेला. लेक किंचाळली.

तेवढ्यात हे धावले. माझे दोन्ही तळवे त्यांनी त्या ओल्या लाकडावर परत दाबले.

"असू दे ओलं," म्हणाले. "धर घट्ट."

मी बसले. खुर्ची जराही हलली नाही. मला रडू आलं आणि रागही आला.

आता तीन महिने झाले. मी चालते. खुर्चीच्या हातांवर माझे दोन्ही पंजे बोटांसकट उमटलेत, येणारा जाणारा विचारतो. रोज सांगते, एकदाचं घासून टाका, लाज वाटते.

"जुन्या खुणा घालवायच्या नसतात," हे म्हणतात. तीन महिन्यांच्या खुणा, म्हणे जुन्या!