यंत्रमाणूस काय म्हणाला

लहानपणी लालबागच्या आमच्या चाळीत गणपतीला व्हिडिओ आणायचे, आणि त्यात एक इंग्रजी विज्ञानपट दरवर्षी ठरलेला. चाळीत इंग्रजी कळायचं फक्त शेजारच्या काकांना. काका गिरणीत कामाला. टीव्हीशेजारी स्टूल टाकून, मंडळाचा माइक हातात घेऊन ते एकेक वाक्य मराठीत सांगायचे.

गोष्ट साधी. ओसाड ग्रहावर यान बिघडतं, कप्तान आणि त्याचा यंत्रमाणूस अडकतात. सुटकेच्या यानात जागा एकाचीच. यंत्रमाणूस दारात उभा राहून काहीतरी बोलतो, आणि काका सांगायचे, "साहेब, तुम्ही गावाक जावा. मी खोली राखतंय." मे महिन्यात आम्हाला कोकणात पाठवून आमचे बाप असेच मागे राहायचे. अख्खी गॅलरी मुसमुसायची. मी तर दरवर्षी न चुकता रडायचो.

गेल्या वर्षी त्या सिनेमाची खास आवृत्ती निघाली. पत्र्याचा देखणा डबा, दोन डिस्क, वगळलेले प्रसंग, जाडजूड पुस्तिका, आणि चित्र इतकं लख्ख की यंत्रमाणसाच्या छातीवरचे स्क्रू मोजावेत. मी लगेच मागवली. शेखी मिरवायची सवय जुनी, म्हणून एका रविवारी संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावला. चाळ पाडून तिच्याच जागी हा टॉवर झाला, त्यामुळे जुने शेजारी बहुतेक इथेच आहेत. काकाही आले. इस्त्रीचा शर्ट घालून, नातीचा हात धरून. कुणी न सांगता पडद्याशेजारच्या खुर्चीत बसले, आणि कुणीतरी त्यांना माइक दिला.

माझं डोकं तिथेच फिरलं. एवढा स्वच्छ केलेला आवाज, आणि त्यावर हे बोलणार! तासभर मी दातओठ खात बसलो. शेवटचा प्रसंग आला. काका घसा खाकरून म्हणाले, "साहेब, तुम्ही गावाक जावा..." आणि खाली इंग्रजीत अक्षरं उमटली: आठ मिनिटांत वीज संपेल, दरवाजा बंद करा.

मी चित्र थांबवलं. "काका, काय थापा मारताय? खाली लिहिलंय ना सगळं. वाचा की मोठ्याने."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. काहीजण हसले, मीही हसलो. काकांनी चष्मा सारखा केला आणि ते पडद्याकडे बघत राहिले. मग नात हळूच म्हणाली, "आजोबा, मी वाचू?"

हसणं थांबलं. इंग्रजी येणारा माणूस म्हणून काकांना आयुष्यभर मान होता. नोटिसा, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, सगळं त्यांच्याकडे जायचं. "ठेवून जा, निवांत बघतो," म्हणायचे आणि दोन दिवसांनी अर्थ सांगायचे. ते कागद मधल्या दोन दिवसांत दुसऱ्या कुणाकडून वाचून आणत असणार, हे हॉलमधल्या सगळ्यांना एकदमच कळलं. कळवलं मी. काकांनी माइक खुर्चीवर ठेवला आणि नातीला घेऊन ते निघून गेले. सिनेमा पूर्ण बघायला कुणी थांबलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याकडे गेलो. लिफ्टमध्ये माफीची वाक्यं घोकत होतो. दार काकांनीच उघडलं, आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी हात जोडले.

"चुकलाच माझा. माका इंग्लिश येना नाय. पण तुम्ही पोरां पुढ्यातून हलायची नाय रे. मगे माझ्यान गप बसवायचा नाय."

ऐंशी ओलांडलेला माणूस माझ्यापुढे हात जोडून उभा. मला त्यांचे पाय धरायचे होते. पण घोकलेलं एकही वाक्य लाजेने आठवेना. तोंडातून निघालं ते एवढंच, "असू दे काका. होतं असं."

म्हणजे मीच त्यांना माफ केलं. आणि त्यांचा चेहरा खरोखर हलका झाला.