पंधरा आकडे

मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात सुट्या भागांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. अमरावतीतल्या आमच्या दुकानात आम्ही दोघं. सलीमभाई कारागीर, आणि मी काउंटरवर बोलणारा.

एकदा मोर्शीचे एक मास्तर आले. महिनाभरापासून फोनला नेटवर्क नाही म्हणे. सलीमभाईनं पाहिलं, तर आत सिमच नव्हतं! मास्तर शांतपणे म्हणाले, "ते कपाटात ठेवलं. फोन चोरीले गेला तरी नंबर हातचा जाले नाही पायजे."

* * *

अलीकडे आपल्याकडची पोरं जपानला कामाला जाताहेत, तेव्हापासून तिकडचे फोनही येऊ लागले. त्यातल्या बऱ्याच फोनवर फोटो काढला की खट्ट असा आवाज होतोच, तो बंद करता येत नाही.

आमचं गिऱ्हाईक नितीन असा एक फोन घेऊन मुलगी पाहायला गेला. सगळे पोहे खात असताना गुपचूप फोटो काढायला गेला, आणि खट्ट! सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. मुलगीच म्हणाली, "दुसरा काढा. त्यात मी खाली पाहून राहिली होती."

लग्न झालं. पहिला फोटोच घरात लावलाय.

* * *

मग आले हिवरखेडचे सुखदेवकाका. त्यांच्या वैशालीनं जपानहून मैत्रिणीच्या हाती आपला जुना फोन पाठवला होता. इकडचं सिम घातलं की तो चालतच नव्हता.

काकांनी आधी अकोल्याला दोन चकरा मारल्या होत्या. अकोल्याच्या कारागिराला जमलं नाही की तो अमरावतीला पाठवतो, आणि आम्हाला जमलं नाही की आम्ही अकोल्याला. गिऱ्हाईक तेवढं एसटीत बसून असतं.

सलीमभाईनं समजावून सांगितलं, की तिकडच्या कंपनीनं फोन विकताना लॉक टाकलंय, दुसऱ्या कंपनीचं सिम चालू नये म्हणून. काका म्हणाले, "म्हंजे बैल इकला अन् वेसण आपल्याच हातात ठेवली!"

इतकी सोपी व्याख्या मला आजवर जमली नव्हती.

* * *

हे लॉक पेचकसानं निघत नाही. ज्याच्या नावावर फोन आहे, त्यानं कंपनीच्या साइटवर फोनचा पंधरा आकडी नंबर टाकायचा, मग ते काढतात. म्हणजे वैशालीला फोन करणं आलं.

"मी तिच्यासंग बोलत नाही," काका म्हणाले.

दोन वर्षं झाली होती. वैशाली तिकडे वृद्धांच्या सेवेच्या नोकरीवर गेली, आणि हे बिनसलं. काकांचं म्हणणं एकच, "घरचे म्हातारे सोडून लोकाइच्या म्हाताऱ्याइची सेवा कराले गेली." काकू तिच्याशी शेजाऱ्यांच्या फोनवरून बोलायच्या.

मग हा फोन कशाला हवा, असं मी विचारलं.

"मले नाही. तिच्या मायले तिचं तोंड पाहाचं रायते."

* * *

फोन त्याच संध्याकाळी चालू झाला, ते सोडा. खरा किस्सा त्याच्या आधीचा आहे.

मी पंधरा आकडे कागदावर उतरवले आणि म्हटलं, काका, तुम्ही बोलू नका, मी या कागदाचा फोटो वैशालीला पाठवतो. एका मिनिटाचं काम आहे.

काकांनी कागद माझ्या हातातून घेतला. "फोटोत गडबड होते. मीच वाचून सांगतो."

मी माझ्या फोनवरून वैशालीला सगळं सांगितलं, स्पीकर लावला आणि फोन त्यांच्यासमोर ठेवला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. काकांनी एकदम आकडेच सुरू केले. ते एक आकडा म्हणत, तिकडून वैशाली तोच आकडा म्हणे. सात-आठ आकड्यांनंतर तिचा आवाज कापायला लागला. काका मग पुढचा आकडा आणखी सावकाश सांगत.

पंधरा झाले. वैशालीनं सगळे परत वाचून दाखवले. मी कागदावर बोट ठेवून ऐकत होतो. एकूण एक बरोबर. सलीमभाईनंही मान डोलावली.

काकांनी कागद माझ्या बोटाखालून ओढून घेतला.

"मधातला एक चुकला वाटते, बाई," ते म्हणाले. "पह्यलेपासून घे."