पाच रेघांची पाठ

"तोंड कोनीबी धुते, बापू. पाठ कोन धुते?"

गळ्यात टेप, ओठांत दोन टाचण्या, आणि त्या टाचण्यांच्या फटीतून हे वाक्य. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, बाई माझ्या आंघोळीबद्दल बोलते आहे. मी शर्टाची कॉलर चाचपली. ती खो खो हसली, टाचण्या काढून हातात घेतल्या आणि म्हणाली, "तुह्यावाली नाई. जगाची सांगून राहिली."

तुम्ही गोंदियाचे असाल आणि सकाळी आमचा पेपर उघडत असाल, तर पान दोनवर खाली उजवीकडे एक व्यंगचित्र तुम्ही चार वर्षं पाहिलेलं आहे. त्यातली सगळी माणसं पाठमोरी असायची. चेहरा एकाचाही नाही, आणि खाली चित्रकाराची सहीही नाही. हे काढतो कोण, यावर चहाच्या टपऱ्यांवर पैजा लागायच्या. कोणी म्हणे नागपूरचा मोठा आर्टिस्ट आहे, कोणी म्हणे रिटायर्ड मास्तर. एकाने तर मला कोपऱ्यात घेऊन शपथेवर सांगितलं की ते कॉम्प्युटर आपोआप काढतो. मी पानं लावणारा माणूस. मला सगळं ठाऊक होतं आणि सांगायची सोय नव्हती. पोटात गोष्ट राहात नाही अशा माझ्यासारख्याला ही केवढी शिक्षा, तुम्हीच विचार करा!

ते चित्र गोंदियाजवळच्या कुडव्याला ब्लाऊज शिवणारी एक काकू काढायची.

मला ती सापडली माझ्या बायकोच्या ब्लाऊजमुळे. शिवून आलेल्या ब्लाऊजला मापाची चिठ्ठी टाचलेली होती. चिठ्ठीवर छाती, कंबर, बाही यांचे आकडे होते, पण जिथं गिऱ्हाइकाचं नाव असतं तिथं नाव नव्हतं. तिथं माझी बायको होती! पाठमोरी, अंगठ्याएवढी. डावा खांदा जरासा उतरलेला, कारण बारा वर्षं शाळेची बॅग ती त्याच खांद्यावर नेते आहे. हा खांदा मी रोज पाहात होतो आणि मला कधी दिसला नव्हता. मी तशीच चिठ्ठी खिशात घातली, गाडीला किक मारली आणि कुडवा गाठलं.

दुकान म्हणजे घराची पुढची खोली. काकूंनी मापाची वही समोर टाकली. अडीचशे पानं, प्रत्येक पानावर चार-पाच पाठी, नाव एकही नाही. मी विचारलं, "नाव का लिहीत नाही?"

"नावं एकासारखे एक रायतात. चार सुनिता आहेत अन् सात लता. पाठ एकीचीबी एकीसारखी नाई."

मी तिथंच वेडा झालो. वही छातीशी धरून संपादकांकडे नेतो म्हणालो. काकूंनी ती अलगद काढून घेतली आणि मशीनच्या खणात घातली. चित्र द्यायला तिची ना नव्हती, पण अट एकच आणि पक्की. "नाव नोको टाकू. नाव आलं का गिऱ्हाईक गेलं. अन् गिऱ्हाईक गेलं का गोठी गेल्या. मंग काढू काय, भिंत?"

गोठ म्हणजे गोष्ट, बोलणं. तेच तिचं भांडवल होतं. माप घेताना बाईचं तोंड समोर असलं की ती गप्प असते. पाठ वळवून उभी राहिली की बोलायला लागते, हा काकूंचा तीस वर्षांचा अनुभव. नवरा, सासू, बचत गट, रेशनचं दुकान, धान खरेदीच्या केंद्रावरची रांग, सगळं त्या टेपच्या टोकाला येऊन पडायचं. नवरा गेल्यावर याच मशीनवर तिने मुलगी शिकवली होती. तिचं नाव फुटलं असतं तर ब्लाऊजही गेले असते आणि चित्रंही. ही गोष्ट मी कधीच विसरलो नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

तिचं काम चालायचं कसं, ते बघायला मी कितीदा मुद्दाम गेलो आहे. दुपारी दोनला गिऱ्हाईक पांगलं की ती टेबलावर काळं अस्तर पसरायची आणि खडूने ओढायला लागायची. आठ रेघांत माणूस उभा राहायचा. मी म्हणायचो, वा! ती तळहाताने फटकन पुसून टाकायची. मग सात रेघा, पुन्हा पुसलं. सहा, पुन्हा पुसलं. माझा जीव खालीवर! पाच रेघांत तोच माणूस आला की मान तिरपी करून बघायची, आणि मग कागद घेऊन जेल पेनने एका दमात उतरवायची.

"सहावी रेघ टाकली का मानूस मरते," ती म्हणायची.

आणखी एक गंमत म्हणजे स्वतःच्या विनोदावर तिला स्वतःला हसू आलं की ते चित्र चुलीत. "मी हासली म्हन्जे बिघडलं, समज. लोकाईसाठी काही रायलंच नाई." चारच्या सुमाराला माझ्या फोनवर चित्राचा फोटो यायचा. पावणेचारपासून मी फोन उलटा ठेवायचो, सरळ करायचो, चहा थंड व्हायचा. बातम्या रोज येतात हो, त्याचं काय एवढं! पण ते चौकोनी चित्र उघडताना मला दर दिवशी दिवाळीच्या सकाळसारखं वाटायचं.

एकदा तिने सभेत मागच्या खुर्चीवर झोपलेला एक गडी काढला. मान कलंडलेली, टाळूवर थोडे केस, बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात तीन माणसं आली. पहिला भांडायला आला होता की माझी बदनामी केली. दुसरा त्याला म्हणाला, "अबे वो मैं हूँ, तेरे को इतने बाल कहाँ?" तिसरा बिचारा फ्रेम करायला मूळ चित्र मागत होता. मी संध्याकाळी काकूंना विचारलं, खरा कोण? म्हणाली, "तिघंबी नाई. तो माह्या भाऊ होय, आमगावचा. पेपर वाचत नाई म्हून बरं."

संपादकांनी एकदा निरोप धाडला की एका बड्या पुढाऱ्याचा चेहरा काढून द्या, पहिल्या पानावर घेऊ. काकूंनी उत्तर दिलं, "त्याले घिऊन ये. पाठ पाह्यतो, मंग सांगतो." पुढारी काही कुडव्याला मापाला आले नाहीत.

आता एका ब्लाऊजचं सांगतो.

एका गावची सरपंच बाई काकूंची गिऱ्हाईक होती. गावाचं नाव घेत नाही. घेतलं तर ती बाई मला सोडणार नाही. कारभार नवराच बघायचा, बाई सहीपुरती. गावात पाण्याची नवी टाकी बांधून झाली होती, रंग देऊन झाला होता, उद्घाटनाची तारीख ठरली होती, फक्त पाइप जोडायचा राहिला होता. बाईने उद्घाटनासाठी खास ब्लाऊज टाकला. मागच्या गळ्याला देवळाच्या कळसासारखे तीन कापीव खण, खाली गोंडा. नमुना मोबाइलवरून आणला होता, पण काकूंनी त्यात स्वतःची अक्कल घालून तो पार बदलला. असा गळा आख्ख्या जिल्ह्यात दुसरा नव्हता.

उद्घाटनाच्या आदल्या दुपारी काकूंनी चित्र काढलं. रिबीन कापायला उभी असलेली बाई, पाठमोरी. तिच्यामागे रिकामे गुंड, म्हणजे पाण्याचे हंडे, घेऊन उभ्या गावच्या बाया, त्याही पाठमोऱ्या. खाली एक ओळ: ‘टाळ्या वाजवाच्या कशा? हाती गुंड आहे ना!’ मी चारला फोटो उघडला आणि खुर्चीवरून उठून दोन फेऱ्या मारल्या. असं चित्र वर्षातून एखादं येतं.

सकाळी साडेसहाला काकूंचा फोन. "बापू, मी मेली."

"काय झालं?"

"थो गळा पेपरात आला! टेबलावर होता समोर, हातानं तोच काढला. अन् तिनं अजून आंगात घातलाच नाई तो! रातीच नेला. दुनियेत दोघीनंच पाह्यला, तिनं अन् मी!"

इतके दिवस सांभाळलेलं नाव तीन कळसांनी सरपंच बाईपुढे उघडं पाडलं होतं. आता ते गावभर करायचं की नाही, हे त्या एका बाईच्या हातात होतं.

अकरा वाजता मी त्या गावात हजर झालो. बघतो तर काय, पेपर घरोघरी पोचला होता आणि बाया खरोखरच रिकामे गुंड घेऊन आल्या होत्या! एरवी आल्या नसत्या. सकाळी छापलेलं चित्र माझ्यासमोर जिवंत उभं होतं, आणि मला एकाच वेळी नाचावंसं आणि पळून जावंसं वाटत होतं. सरपंच बाई आली. तोच ब्लाऊज असणार. पदर पाठीवरून घट्ट लपेटलेला. हातात कात्री दिली. नवरा कानाशी पुटपुटत होता, "काप, काप." टाळी एक वाजेना. बाईने मान वळवून मागे पाहिलं, गुंड पाहिले, बायांकडे पाहिलं. मग पदर सोडला, तीन कळस सगळ्या गावाला दिसू दिले, आणि कात्री तबकात ठेवली.

"आधी पानी आना. मंग रिबीन कापीन."

अहो, काय आवाज उठला! टाळ्या वाजवता येईनात म्हणून बायांनी गुंडच वाजवले. (पाइप पुढे जोडला गेला. किती दिवसांनी, ते विचारू नका.)

मी गाडी सुसाट सोडली ती थेट कुडव्याला. काकू मशीनपुढे बसलेली, सुई ओवता येत नव्हती. मी सगळं रंगवून सांगितलं, पण तिचं लक्ष दाराकडे. "माह्यं नाव कोनाजवळ घेतलं का तिनं?" एवढंच विचारत राहिली. पाचच्या सुमाराला सरपंच बाई दारात उभी राहिली. माझ्याकडे बघितलं, काकूंकडे बघितलं. काकू उठून उभी राहिली.

"बाही घट्ट होते," सरपंच बाई म्हणाली. "अर्धा बोट सोड."

आणि माप द्यायला पाठ वळवून उभी राहिली. तशीच बोलायला लागली, "आयक, आमच्या गावच्या दवाखान्याचं सांगतो तुले..."

काकूंनी टेप लावली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहात होतं आणि ती माप घेत होती. त्या दिवसापासून माहिती असणारे आम्ही चौघं झालो: काकू, संपादक, मी आणि सरपंच बाई. निदान काकूंचा आणि माझा असा समज होता.

यंदा काकूंच्या मुलीला रायपूरला जुळं झालं. मुलगी एकटी, नोकरीची. काकूंनी दुकान आवरलं. आता ती तिकडेच असते. जायच्या दिवशी मी मदतीला गेलो. खोलीभर बाया, कोणाचा राहिलेला ब्लाऊज, कोणाचं उरलेलं कापड. सगळ्या एकदम बोलत होत्या. तेवढ्यात कोपऱ्यातली एक म्हातारी म्हणाली, "मंग आता ते पेपरातलं कोन काढंल वो?"

काकूंच्या हातातली दोरी तशीच राहिली.

सरपंच बाई उसळली, "तुले कोनं सांगतलं?"

"मले कायले कोनी सांगते? माह्या पाठीचं ठिगर पेपरात आलतं. हिनंच लावलं होतं."

"अवो, मलेबी मालूम होतं!" तिसरी ओरडली. "बाहीची चुनट होती माह्यी."

"मले तं पयल्या वर्सापासून!"

"मले वाटे मी एकलीच!"

मग जो कल्ला झाला तो काय सांगू! प्रत्येकीने स्वतःची शिवण ओळखली होती. प्रत्येकीला वाटत होतं की हे आपल्या एकटीलाच माहीत आहे. प्रत्येकीने तोंड शिवून घेतलं होतं, नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. एकीने बटव्यातून घडी केलेलं कात्रण काढलं. एक तर भांडायलाच उठली, "मी दोनदा नळाची गोठ सांगतली, तू काढलीच नाई ती! काऊन?"

काकू मधोमध उभी, कमरेवर हात. "अन् मी चार वर्स भेऊन भेऊन जगली! सांगाले काय झालतं तुमाले?"

म्हातारी शांतपणे म्हणाली, "सांगतलं असतं तं तू भेऊन आयकनं सोडलं असतं. अन् आमाले तं सांगाचंच होतं ना, माय."

कोणी म्हणालं, आता आमचा सगळ्याईचा एक काढ. झालं! अंगणात एकच धांदल. कोण पुढे, कोण मागे, कोणाची उंची जास्त यावरून ढकलाढकली, "सरक ना वो," "माह्यी येनी दिसली पाह्यजे." शेवटी तीसेक बाया भिंतीकडे तोंड करून ओळीने उभ्या राहिल्या. काकू पायरीवर कागद घेऊन बसली. मी तिच्या शेजारी.

ऊन चांगलंच चढलं होतं. एकही बाई हलली नाही, एकीनेही मागे वळून पाहिलं नाही.

"झालं का वो?" ओळीतून कोणीतरी विचारलं.

"अजून नाई," काकू म्हणाली. पेन टोपणासकट तिच्या मांडीवर पडला होता, आणि ती दोन्ही हातांनी डोळे पुसत होती.