ड्रायव्हरला फिट येते

आमच्या गावच्या सिस्टर रागावल्याशिवाय इंजेक्शन देत नसत. आधी शिव्या, मग सुई. ताप अंगावर काढून आलेला पाटील असो की रोजंदारीची बाई, दोघांनाही सारख्याच शिव्या. "मराले येता का माह्याकडे? जगाले या नं लवकर!" माहेर अकोल्याकडचं, घर बौद्ध, आणि उपकेंद्राच्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहत. मी प्राथमिक शाळेवर मास्तर होतो आणि गावाचे अर्ज लिहून द्यायचो. त्यामुळे आमचं जमायचं.

कोणाला झटका आला की आमचं गाव त्याच्या नाकाला चप्पल लावायचं. सिस्टर ती हिसकावून अंगणात भिरकावत. "चपलेनं मेंदू सुधरत असता तं सरकारनं मले गोळ्यायच्या जागी चपलाच धाडल्या असत्या!" दिवाकर उपकेंद्राच्या दारात पडून तडफडत होता, त्या दिवशीही चप्पल अशीच भिरकावली गेली. दिवाकर काळीपिवळी चालवायचा. कापसाने हात दिला नाही म्हणून शेती सोडून जीपवर बसलेला. गावाची बस बंद झाल्यापासून हायस्कूलची सगळी पोरं त्याच्याच गाडीत कोंबून चांदूर बाजारला जायची. तो शुद्धीवर आल्यावर सिस्टरांनी खोदून विचारलं, तेव्हा हा त्याचा तिसरा झटका निघाला.

"मोठ्या डॉक्टरले दाखवाले मी संग येतो. पन गाडी सोड," त्या म्हणाल्या. दिवाकरने हात जोडून हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं भरून निघाला. सिस्टर जीपपुढे आडव्या उभ्या राहिल्या. गावाने त्यांनाच बाजूला ओढलं. सरपंच म्हणाले, "सिस्टर, तुमी आपल्या सुया टोचा. पोरं काय पायी जातीन शाळेत?"

दुपारी त्या तडक माझ्या वर्गात आल्या. "गुरुजी, अर्ज लिवा. ड्रायव्हरले मिरगी हाय." मला 'मिरगी' हा शब्द अर्जात गावंढळ वाटला. मी पडलो शिकलेला माणूस! मी लिहिलं, 'सदर चालकास वारंवार फिट येते.' त्यांनी वाचून नाक मुरडलं. "मिरगीच लिवा नं." मी म्हटलं, "सिस्टर, हापिसात असंच लिहितात." त्यांनी सही केली.

लायसन्सच्या कचेरीत आम्ही दोघं गेलो. सिस्टरांनी तोंडी सांगितलं तेवढं ऐकून कारकून अर्ज न वाचताच म्हणाला, "बाई, 'मला आजार नाही' असं चालक स्वतः लिहून देतो. तेवढं पुरतं. दुसऱ्या कोणी कळवायचं, तर आमच्याकडे रकानाच नाही." सिस्टरांचा आवाज चढला. "म्हंजे ज्याची शुद्ध जाते, त्यालेच इचारता का बाबा तू शुद्धीत राह्यतं का?" त्याने कंटाळून आमच्या प्रतीवर पोचेचा शिक्का मारला. त्या वर्षांत आमच्याकडे सरकारी गाड्या यायच्या त्या शेतकऱ्यांच्या आत्महत्येच्या पंचनाम्याला. पायऱ्या उतरताना सिस्टर सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या, "मेल्यावर इचाराले तीन-तीन गाड्या येतात. जित्या लेकरायसाठी यायच्यापाशी एक रकाना नाई!"

दोन महिन्यांनी, संत्र्याच्या बागेजवळच्या सरळ रस्त्यावर जीप कडुनिंबावर गेली. दिवाकर गेला. आठवीतल्या दोन पोरी गेल्या. दोघींचा हात धरून मुळाक्षरं मी गिरवून घेतली होती.

चौकशीला आलेल्या साहेबांनी सिस्टरांनाच विचारलं, "तुम्हाला माहीत होतं, तर कळवलं का नाही?" त्यांनी शिक्क्याची प्रत पुढे ठेवली. कचेरीचं रजिस्टर मागवलं गेलं. त्यात आमच्या अर्जापुढे लिहिलं होतं, 'चालक फिट असल्याबाबत. दफ्तरी दाखल.' नोंद करताना कारकुनाने अर्जातला 'फिट' एवढा एकच शब्द वाचला होता. खोलीत कोणीतरी फिसकन हसलं. त्या माणसाच्या कानाखाली मी तेव्हाच वाजवायला हवी होती, असं आजही वाटतं. साहेबांनी विचारलं, "अर्ज कोणी लिहिला?" मी खिशातलं पेन आणखी आत ढकललं. सिस्टर म्हणाल्या, "सही माही हाय. मीच लिवला."

कारकुनाला कोणी हात लावला नाही. संदिग्ध भाषेत कळवल्याबद्दल सिस्टरांना मेमो मिळाला आणि दूर डोंगरात धारणीला बदली. निघायच्या दिवशी मी फाट्यावर गेलो. म्हटलं, "सिस्टर, माझं नाव सांगायचं होतं." त्या थकलेल्या दिसत होत्या. "सांगून काय झालं असतं? तुमची बी बदली. मंग या गावाचे अर्ज कोनं लिवले असते?" ट्रंक उचलताना म्हणाल्या, "पन गुरुजी, आता माणूस जे सांगन तेच लिवत जा. मिरगी म्हनलं तं मिरगी."

त्यांची बस गेली. मी तिथेच उभा होतो, तेवढ्यात गावातून नवी काळीपिवळी आली, मागे पोरं लोंबकळत होती. या ड्रायव्हरला मी ओळखत नव्हतो. आपल्याला काहीही आजार नाही, असं त्यानेही स्वतःच्या हाताने लिहून दिलं असणार.